कोरं सिलिंडर

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग दोन पावलं मागे सरकतात. मी गॅसला वास लावतो. स्वयंपाकाचा गॅस गळला की जी कुजकी घाण येते ना, ती गॅसची नसते. ती माझी असते, म्हणजे मी घातलेली. गॅस बिचारा जन्मापासून बिनवासाचा आणि बिनरंगाचा. पाण्यासारखा जमिनीवर पसरून बसला तरी पत्ता लागू देणार नाही. म्हणून भरण्याआधी त्यात एका गंधकाच्या औषधाचं मोजकं माप सोडायचं आणि नंतर नाकाने खात्री करून घ्यायची. एकवीस वर्षं मी हेच करत आलो. प्लँटमध्ये मला ‘नाकवाला’ म्हणतात. बस कितीही भरलेली असो, माझ्या शेजारची जागा रिकामी मिळते.

माझी ताई म्हणायची, “आमच्या भावाला नाकाने कांदे सोलायचा पगार मिळतो.” माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिच्या दारात पोचायच्या आधी माझे कपडे पोचतात, असंही म्हणायची. माझ्यासाठी तिने जिन्यात एक खिळाच ठोकला होता. शर्ट तिथे टांगायचा आणि भावोजींचा जुना सदरा घालून मगच आत जायचं. एवढी थट्टा दुसऱ्या कुणी केली असती तर मी ऐकून घेतली नसती. माझं डोकं लवकर तापतं, सगळ्यांना माहीत आहे. ताईपुढे मात्र ते कधीच तापलं नाही.

तिची मुलगी नऊ वर्षांची. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण साखरेचा डबा कुठल्याही फळीवर, कशाच्याही मागे लपवा, ती तिथे पोचलेलीच असायची. असलं नाक आमच्या घराण्यात माझ्यानंतर तिलाच. म्हणून ती माझी लाडकी, आणि म्हणूनच मी तिला माझा सगळा धंदा शिकवला.

शाळेत हायड्रोकार्बन शिकवतात ते रडवून. मी तिला गोष्ट सांगायचो. कार्बन म्हणजे भाऊ, हातात हात घालून रांगेत उभे. हायड्रोजन म्हणजे त्यांच्या अंगाखांद्यावर लोंबकळणारी पोरं. या घराण्यात तिसरं कुणीच नाही. भाऊ एकटाच असला की मिथेन. काही घरांत नळीतून येतो तो, आणि गटारातून बुडबुडे काढतो तोही. तिघे झाले की प्रोपेन, चौघे झाले की ब्यूटेन. हे दोघे आपल्या सिलिंडरमधले, आणि ब्यूटेन तर खिशातल्या लायटरमध्येही. आठ-दहा जण जमले की उडणं कमी, वाहणं जास्त, ते पेट्रोल. बारा-पंधरांचं रॉकेल. मग डिझेल. पंचवीस-तीसांची रांग लागली की मेणबत्ती, व्हॅसलीन. आणि त्यापुढे इतकी गर्दी की कुणाला हलता येईना, ते रस्त्यावरचं डांबर. काही भाऊ रांगेत उभं राहायचं सोडून फेर धरतात, त्यातले कपाटातल्या डांबरगोळ्यांत सापडतात.

झालं. पोरीला वेडच लागलं. रस्त्याने जाताना माझा हात ओढून विचारायची, “मामा, हा कितीचा?” सायकलचं तेल, बुटाचं पॉलिश, प्लॅस्टिकची पिशवी. पिशवी हजारो भावांची आहे म्हटल्यावर तिने ती घडी घालून दप्तरात जपून ठेवली.

आणखी एक गोष्ट त्या घरात मीच सुरू केली होती. सकाळी पहिली शेगडी पेटवण्याआधी मुंगीने ओट्याखाली वाकायचं, जमिनीजवळ नाक न्यायचं, दोनदा वास घ्यायचा आणि म्हणायचं, “लाव.” ती ‘लाव’ म्हणाल्याशिवाय ताई काडी ओढत नसे. भावोजी छापखान्यात कामाला, सकाळच्या पाळीला लवकर निघायचे, त्यामुळे हा कारभार मायलेकींचा. मला त्याचा केवढा अभिमान होता. प्लँटमध्ये चारचौघांना सांगितलं असेल मी ते.

आता सिलिंडरचं सांगतो.

कोरं सिलिंडर लगेच भरून घरी पाठवायचं नसतं. नव्या पोलादाची आतली बाजू वास खाते. भरताना तुम्ही माप घाला, नाकाने तपासा, वास खणखणीत येईल. पण ते सिलिंडर महिनाभर एका जागी उभं राहिलं की पत्र्याने वास पिऊन टाकलेला असतो आणि आत उरतो नुसता गॅस. म्हणून कोऱ्या सिलिंडरमध्ये आधी दुप्पट वास घालून ते आठ-दहा दिवस बाजूला उभं करायचं. त्याला आम्ही ‘मुरवणं’ म्हणतो. मुरल्यावर रिकामं करायचं, पुन्हा भरायचं आणि मगच बाहेर सोडायचं. हा नियम भिंतीवर लावलेला आहे. तो लिहिलाय माझ्याच हाताने.

ताईला जुनी सिलिंडरं नकोशी वाटायची. पोचे पडलेली, रंग उडालेली, खाली ठेवली की फरशीवर गंजाचं गोल कडं उमटवणारी. नव्या जागेत राहायला जायचं ठरलं तेव्हा म्हणाली, “अरे, एवढा तू तिथे एकवीस वर्षं आहेस, मला एक धड सिलिंडर मिळत नाही होय? नव्या ओट्याखाली तो पोचे पडलेला म्हातारा नको बाई.”

तिने माझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं. मी दुसऱ्याच दिवशी मागच्या शेडमध्ये गेलो. कोरी सिलिंडरं ओळीने उभी होती. सगळ्यांत चकचकीत, एकही ओरखडा नसलेलं निवडलं. भरणाऱ्याला म्हटलं, हे घरचं आहे, वासाचं मी बघतो. माप घातलं, थोडं जास्तच घातलं. साबणाचं पाणी लावून झडप तपासली. मग जरासं उघडून वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं इतका झणझणीत. मुरवायला आठ दिवस हवे होते, आणि ताई परवा राहायला जाणार होती. मला वाटलं, एवढा वास आहे, काय होतंय? दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

मी ते स्वतः खांद्यावरून दोन जिने चढवून नेलं. ताई हसतच होती. जुनं अजून संपायचं होतं, म्हणून कोरं शेजारी उभं राहिलं. राहिलं ते पाच आठवडे.

जुनं संपल्यावर तिने ते जोडलं. त्यानंतर कधीतरी रबरी नळीला बारीक चीर गेली. नळीला चीर जाते, त्यात नवल नाही. त्यासाठीच तर वास असतो. एका सकाळी ताईने काडी ओढली आणि खोलीतली हवा पेटली.

मुंगी तेव्हा बाहेर पायरीवर बसून बूट घालत होती. शाळेची सहल होती.

ताई दोन दिवस होती. हातांवर, गळ्यावर व्हॅसलीन लावलेल्या जाळीच्या पट्ट्या होत्या. माझ्याच घराण्यातलं व्हॅसलीन, पंचवीस-तीस भावांची रांग. मी तिच्या उशाशी बसून तेच मोजत होतो, कारण दुसरा काही विचार करायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले. म्हणाली, “अरे, वास नव्हता रे आला.”

“बोलू नकोस ताई,” मी म्हणालो.

मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. मी तिला गप्प केलं ते तिला त्रास होऊ नये म्हणून नाही. मला ऐकायचं नव्हतं म्हणून. ती ऐकून गप्प झाली, ती कायमचीच.

सिलिंडर फुटलं नव्हतं. चौकशीसाठी ते आमच्याच प्लँटमध्ये आलं आणि आत उरलेला गॅस तपासायचं काम अर्थात नाकवाल्याकडे. मी उघड्यावर नेऊन झडप किंचित सैल केली. फुस्स आवाज आला. मी वाकलो, वास घेतला. काहीच नाही. पुन्हा घेतला. गार हवा लागत होती नाकाला, बाकी काही नाही. सुपरवायझर साहेब लांब उभे राहून फोनवर बोलत होते. मी कागदावर लिहिलं, ‘वास योग्य’, आणि खाली सही केली.

का लिहिलं, ते सांगून मी स्वतःला सोडवणार नाही. भीती वाटली. नोकरीची, तुरुंगाची, आणि सगळ्यांत जास्त, ते घर मला बंद होण्याची.

त्या कागदाचा अर्थ सगळ्यांनी लावायचा तो लावला. वास होता आणि तरी बाईला कळलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच, “कमाल आहे, वास कसा नाही आला?” आमची आईसुद्धा डोळे पुसत म्हणायची, “पोरीचं लक्ष पहिल्यापासूनच ठिकाणावर नव्हतं गं.” मी तिथेच बसलेला असायचो. ज्या ताईने पाचवीपर्यंत माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या, तिला लोक वेंधळी ठरवत होते आणि मी चहा पीत होतो. हे सगळं मुंगीही ऐकत होती. तिच्याकडे माझं लक्ष गेलं नाही. स्वतःला वाचवताना माणसाला दुसरं काही दिसत नाही.

ताई गेल्यावर पाच आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. भावोजी दुकानातून सामान आणायला गेले होते. स्वयंपाकघराला नवा रंग दिला होता, ओट्यावर विजेची शेगडी होती. मुंगी आत जायची बंद झाली होती. गरम काही खायचीच नाही. पाव, केळी, बिस्किटं, थंड दूध. तोंड एवढंसं झालं होतं. भावोजी मला म्हणाले होते, “आईची आठवण येते तिला, होईल हळूहळू.”

ती जिन्यात बसली होती. पुढ्यात एका ताटलीत साबणाचा तुकडा, मेणबत्ती, डांबरगोळी, लिंबाची फोड आणि बुटाच्या पॉलिशची डबी. डोळे मिटून एकेक उचलून ती नाकाशी नेत होती.

“काय गं, दुकान मांडलंयस की काय?” मी म्हटलं.

“मामा, माझं नाक तपास.”

“म्हणजे?”

“तू प्लँटमध्ये नवीन माणसांचं तपासतोस ना? तसं. खरंखरं तपास. वाईट असलं तर सांग.”

मी हसत शेजारी बसलो. तिने डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. मी एकेक वस्तू पुढे धरली, तिने सगळ्या ओळखल्या. मेणबत्तीला तर वासच नसतो म्हटलं तरी चालेल, तीही ओळखली.

“पहिला नंबर,” मी म्हणालो. “उद्यापासून माझी नोकरी तुला.”

तिने रुमाल काढला. मला वाटलं खूश होईल. तिचा चेहरा कसनुसा झाला.

“मग तेव्हाच का नाही आला?”

“केव्हा?”

“मला सर्दी होती मामा.” ती खाली बघून भराभर बोलायला लागली. “आदल्या दिवसापासून होती. पण आईला कळलं असतं तर तिने सहलीला पाठवलं नसतं. मी नाक शिंकरून आले, मग खाली वाकले. वास घेतल्यासारखं केलं. मला काहीच येत नव्हतं. मी तरी म्हटलं, लाव.”

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आजी म्हणते आईचं लक्ष नव्हतं. पण आई माझ्यावर सोडायची ना. ती मला विचारायची. मी सांगितलं म्हणून तिने लावली.” मग ती माझ्याकडे वळली. “बाबांना सांगू नको हं. तुला सांगितलं, कारण तुला नाकाचं कळतं.”

पाच आठवडे. नऊ वर्षांची पोर, रोज सकाळी उठून हे घेऊन शाळेत जात होती. वर्गात बसत होती, पाढे म्हणत होती. आणि मी, बेचाळीस वर्षांचा घोडा, माझं ओझं तिच्या पाठीवर टाकून मोकळा फिरत होतो. मी जिन्याचा कठडा धरला.

तेव्हाही एक विचार आला, तो लपवत नाही. नुसतं म्हणावं, “तुझी काही चूक नाही राणी, लहान आहेस,” आणि कुशीत घ्यावं. पण तिला समजूत नको होती. तिला खरं हवं होतं, म्हणूनच ती माझ्याकडे आली होती. खोट्या समजुतीवर तिने मान हलवली असती आणि म्हातारी होईपर्यंत ते जपलं असतं.

“मुंगे, इकडे बघ,” मी म्हटलं. “त्या दिवशी तुझं नाक चोख असतं तरी तुला वास आला नसता.”

“का?”

“कारण गॅसला वास नव्हता.”

“असं कसं? तू घालतोस ना?”

“घातला होता. पण सिलिंडर कोरं होतं. कोरं सिलिंडर वास खातं. आधी मुरवावं लागतं, आठ दिवस. मी मुरवलं नाही. घाई केली.”

ती ऐकत होती. प्लँटमधल्या गोष्टी ऐकताना कपाळाला आठी घालून ऐकायची, तशीच.

“म्हणजे मला सर्दी नसती तरी?”

“तरी नाही.”

“आईला पण नाही?”

“कुणालाच नाही. मी स्वतः नंतर नाक लावून बघितलं. मलाही नाही आला.”

“पण आजी म्हणते कागदावर लिहिलंय, वास होता.”

“तो कागद मी लिहिला. खोटं लिहिलं.”

तिने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. एवढ्या दिवसांनी तिच्या तोंडावर रंग दिसला, आणि देवाशपथ सांगतो, त्या एका क्षणासाठी मला बरं वाटलं. मग ती विचार करायला लागली. हुशार पोर आहे, मीच शिकवलेली. माझ्या गुडघ्यावरचा तिचा हात तिने हळूच उचलून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ ती ताटलीतल्या वस्तू नीट लावत बसली.

“बाबांना सांगितलंस?”

“नाही.”

“सांग,” ती म्हणाली.

भावोजी पिशव्या घेऊन जिना चढत आले. मी त्यांना पायरीवरच थांबवलं आणि सगळं सांगितलं. कोऱ्या सिलिंडरचं, कागदाचं. मग मुंगीच्या सर्दीचंही सांगितलं, तिनेच मान हलवली म्हणून. सिलिंडरचं ऐकताना ते माझ्याकडे बघत होते. मुंगीचं ऐकलं आणि त्यांच्या हातातल्या पिशव्या खाली गेल्या. बटाटे जिन्यावरून गडगडत खालच्या मजल्यापर्यंत गेले. ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणत राहिले, “मला का नाही सांगितलंस गं? मला का नाही सांगितलंस?” ती त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पहिल्यांदाच ऐकलं.

मी खाली उतरून बटाटे गोळा केले आणि पिशवीत भरून दाराशी ठेवले. भावोजींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, “तू आता जा. आणि येऊ नकोस.”

“उद्या प्लँटमध्ये लेखी देतो,” मी म्हणालो. “खरं काय ते.”

“दे. पण इथे येऊ नकोस.”

त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी निघालो. पहिला जिना उतरलो तेवढ्यात वरून पावलं वाजली. मुंगी कठड्याला धरून उभी होती. डोळे सुजलेले, नाक वाहत होतं.

“मामा, आईला माहीत होतं? कोऱ्याचं?”

“नाही गं. तिला नाही कळलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. बाहीने नाक पुसलं. “ती रोज फडक्याने पुसायची ते. कुणी आलं की दाखवायची. म्हणायची, माझ्या भावाने निवडून आणलंय.”